पाहुण्या कुंड्या

—लावा ना, हात लावा मॅडम, परीक्षक तुम्ही, तुम्ही नाही हात लावणार तर कोण लावणार — फक्त ती कुंडी उचलू नका, एवढंच म्हणतेय. नाजूक आहे ती. म्हणजे कुंडी नाही, झाड. म्हणजे दोन्ही. तुम्ही अशा इकडे या, इथून बाल्कनी सगळी दिसते, साडेनऊ बाय चार, मी स्वतः टेप लावून मोजलीये, फॉर्मात तसंच लिहिलंय — आणि जरा हळू बोलू या हं, धाकटी आत सोफ्यावर झोपलीये, तुम्ही येताना बघितलीत ना, आत्ताच डोळा लागलाय, ती उठली की तुमच्या पर्सचं काही खरं नाही. तुम्ही कुठे बोलताय म्हणा, मीच बोलतेय. सवय लागलीये. दिवसभर साडेतीन वर्षांच्या माणसाशी बोललं की असं होतं, प्रश्नही आपणच विचारायचे, उत्तरंही आपणच द्यायची, आणि मध्ये मध्ये 'तोंडातलं काढ आधी' म्हणायचं. तुम्हाला चुकून म्हटलं तर मनावर घेऊ नका.

तर हा गुलाब. ही शेवंती. ही... ही लाल. लाल फुलांची. नाव? नाव अगदी ओठावर आहे बघा — तुम्हाला तर माहीतच असेल, तुम्ही सांगा, मग मी सांगते बरोबर की चूक. जिरेनियम! तेच म्हणणार होते. पाणी किती घालते? थांबा हं, काही नाही, खिशात रुमाल शोधतेय — हं — 'एक दिवसाआड, अर्धा मग, पानांवर पडू द्यायचं नाही, आणि दुपारी एक ते तीन दार वाजवू नये.' झाडाचं नाही हो. काकांना दुपारी झोप लागते. कुठल्या काकांना? असेच एक काका. सगळ्यांना असतात. तुम्ही पाणी घेता का? घ्या ना, जिना चढून आलात. सावलीत उभ्या राहा. नाही, तिथे नको, तिथून कुंड्यांची मागची बाजू दिसते.

तुमचा फॉर्म मात्र — रागावू नका — तुमच्या फॉर्मात पाच चुका होत्या. मी मोजल्या. अहो, मी सात वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत, मला चूक नुसती दिसत नाही, टोचते. चौथ्या ओळीत 'रोपांची संख्या'च्या जागी काय छापलंय माहितीये? 'रोगांची संख्या'! आता विचारा, मी काय भरलं असेल? खरं सांगायचं तर तेव्हा मिरचीवर मावा होता, गुलाबाला बुरशी होती आणि टोमॅटोला ते पानं मुरडणारं काहीतरी — तीन. पण मी लिहिलं छत्तीस. 'रोपांची'च म्हणायचंय असं धरून. तुमच्या कार्यालयात कोणी मन लावून वाचलं असेल तर हबकलंच असेल, छत्तीस रोग आणि तरी बाई स्पर्धेत उतरलीये! हसलात. चला, हसलात एकदाच्या. मला वाटलं परीक्षकांना मनाई असते.

छापखाना सोडला तो थोरलीच्या वेळी. नऊ वर्षं झाली. सोडला म्हणजे — सहा महिन्यांची रजा घेतली होती, ती अजून संपायचीये. कोणी बळजबरी केली नाही हो, उगाच कोणावर ढकलू नये. नवरा म्हणाला, तुला हवं ते कर, आणि मला तेव्हा फक्त झोप हवी होती. मग एके दिवशी पुदिन्याच्या जुडीतल्या उरलेल्या काड्या पाण्याच्या ग्लासात टाकून ठेवल्या, विसरून गेले, आणि आठवड्याने बघते तर पांढरी मुळं! बारीक, दोऱ्यासारखी. थोरली खांद्यावर, रडून रडून लालबुंद झालेली, मी तो ग्लास तिच्या नाकासमोर धरला — बघ, बघ जरा, हे कसं न रडता वाढतंय! तर ती गप्प झाली. खरंच. मूल काय, कशानेही गप्प होतं आणि कशानेही भोकाड पसरतं, पण मला वाटलं, पुदिन्याने केलं. तिथून जे सुरू झालं ते झालंच. पुदिन्यावरून मिरची, मिरचीवरून टोमॅटो, मग दह्याचे डबे, तेलाचे डबे, फुटकी बादली, थोरलीचा लहानपणीचा टब. घरात काही फुटलं की नवरा फेकायच्या आधी विचारायचा, "ह्यात काय लावणार आहेस?" एकदा त्याच्या बुटाचा तळ निघाला तर त्याने बूट माझ्यापासून लपवून ठेवला. आणि झाडांचं सुख काय सांगू मॅडम — झाड ठेवलं तिथे राहतं! तुम्ही आत जाऊन कुकर बंद करून येता, बघता तर ते तिथेच! ह्या सुखाची किंमत ज्यांच्या घरी दोन मुली आहेत त्यांनाच कळणार. मुलींना सकाळी घातलेले मोजे दुपारी कुठल्या खोलीत सापडतील सांगता येत नाही. पानं कशी, गळली तरी आपल्याच कुंडीत गळतात.

आता म्हणाल, मग स्पर्धा कशाला? तुम्ही म्हणाला नाहीत, पण म्हणाल. तर त्याला कारण माझी निवृत्ती. थोरलीच्या वर्गात बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, आईबाबा काय करतात. कोणाची आई दातांची डॉक्टर, कोणाची आई बस चालवते. आमची उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी आई निवृत्त आहे." छत्तिसाव्या वर्षी! तिचा हिशोब सरळ — आजोबांनी काम सोडलं, आजोबा निवृत्त. आईने काम सोडलं, आई निवृत्त. चुकलं कुठे? वर बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'तुमच्या घरच्या आजींना वर्गात बोलवायला आवडेल, मुलांना जुन्या काळच्या गोष्टी सांगतील.' नवरा दोन दिवस हसत होता. येता जाता विचारायचा, गुडघे काय म्हणतायत? मीही हसले. हसण्यासारखंच होतं. मग भांडी घासता घासता मध्येच ते हसू आटलं, आणि म्हटलं, आपल्या नावाने काहीतरी छापून आलं पाहिजे. सात वर्षं दुसऱ्यांच्या नावातल्या चुका काढल्या. एक कागद, त्यावर आपलं नाव, खाली शिक्का. पहिला नंबर नको, उत्तेजनार्थ चालेल — उत्तेजनार्थला शिक्का देतात ना तुम्ही? थोरलीनेच तुमची जाहिरात आणली, फोटो तिनेच काढले, पाकिटावर पत्ता तिनेच घातला, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला सांगून मोकळी झाली — माझ्या आईची बाग बघायला परीक्षक येणार आहेत.

हो. हेच ते फोटो. तुम्ही बरोबर घेऊन हिंडता होय? बरं. हो, टोमॅटो आहेत त्यात, दिसतायत ना, कठड्यावरून खाली लोंबतायत. आता? आता टोमॅटोचा हंगाम सरला. काकडीचाही. पुदिन्याचा — पुदिन्याला हंगाम नसतो म्हणता? असं का. नवीनच कळलं. छत्तीस लिहिलेत आणि सोळा दिसतात, बरोबर, मोजता पटपट येतं हं तुम्हाला. त्याचं असंय मॅडम, बाग ही रोज बदलणारी गोष्ट आहे, आज आहे ती उद्या — अहो, उचलू नका म्हटलं ना! उचललीतच.

चौदा. हो, चौदा लिहिलंय खरं तळाशी, पांढऱ्या रंगाने. चौदा म्हणजे... थोरलीचा वाढदिवस चौदा तारखेला असतो. ती शेजारची? नऊ. नऊ तिचं वय. आणि ती सव्वीस — सव्वीसला — सव्वीसला काही सुचत नाहीये, मॅडम. बसा तुम्ही. नको, त्या स्टुलावर नको, खुर्ची घ्या.

पोस्टमास्तरकाकांच्या आहेत. इथे वरच राहतात, आमच्या डोक्यावर. सगळा जन्म टपालात गेला, आता कुंड्यांना नंबर घालून बसतात. सकाळी मागायला गेले तर त्यांचा पहिला प्रश्न — परत कधी? म्हटलं, चारला. मग कुठे ठेवणार, ऊन कुठल्या बाजूने येतं, वारा किती, घरात मांजर आहे का? अहो, माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी नवऱ्याची एवढी चौकशी केली नव्हती. मी म्हटलं, मांजर नाही, धाकटी आहे. तर विचारात पडले! शेवटी स्वतः बरोबर आले, एकेक कुंडी आपल्या हाताने मांडली, आणि जाताना म्हणाले, "चारला येतो." मी म्हटलं, या काका. तर म्हणाले, "तुला नाही, ह्यांना सांगतोय." अकरा त्यांच्या. आणि ह्या पाच तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंच्या. त्यांनी काही विचारलं नाही, तोंडात टाचण्या होत्या, त्यातूनच म्हणाल्या, "बक्षीस मिळालं तर निम्मा कागद कापून मला." लिफ्ट नाही आमच्याकडे. पाच कुंड्या, पाच फेऱ्या, आणि धाकटी प्रत्येक फेरीला मागे, मदत करायला, हातात एक पान घेऊन. पानही काकूंच्याच झाडाचं. तर ह्या सगळ्या पाहुण्या आहेत मॅडम. चारला जायच्यात. तोवर मी त्यांना आपल्या म्हणणार होते.

आता तुम्ही विचारायला हवं, तुमच्या स्वतःच्या छत्तीस कुठे गेल्या. विचारा ना. बरं, मीच सांगते, नाहीतरी मीच सांगतेय सगळं.

मागच्या मंगळवारची गोष्ट. थोरली शाळेत, नवरा कामावर, सकाळचे अकरा. धाकटी बाल्कनीत एकटीच खेळत होती, छान गाणं म्हणत. ते गाणं मी तिला आंघोळ घालताना म्हणते. झाडांना आंघोळ घातली तिने, मॅडम. एक झाड सोडलं नाही. शाम्पूने सुरुवात केली, बाटली संपली, मग भांड्यांचा साबण, तोही संपला तेव्हा फरशी पुसायचं औषध — अख्खा कॅन. आणि नुसतं ओतलं नाही हो! मी तिचं जसं करते तसंच, त्यात कणभर फरक नाही. "डोळे मीट हं, झोंबेल" — कोणाला? मिरचीला! मिरचीला सांगतेय, झोंबेल. मग माझ्या चांगल्या टॉवेलने पुसलं, खसाखसा, कानामागेसुद्धा, म्हणजे टोमॅटोला जिथे कान असतील असं तिला वाटलं तिथे. मग पावडर. मग विंचरलं. पुदिना कंगव्याने विंचरला, तो मुळासकट हातात आला, तर त्याची वेणी घातली, रबर लावलं आणि परत मातीत उभा केला. मी बाहेर आले तेव्हा सगळी बाग पांढरी, फेस कठड्यावरून खाली चाललाय, खालून काकू ओरडतायत, माझ्या ब्लाउजांवर काय पडतंय ग — आणि ही मधोमध उभी. चिंब. केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हात कमरेवर. माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं सगळ्यांचं!" हे वाक्य माझं आहे, मॅडम. मी रोज म्हणते.

रागवायचं कसं, सांगा. रागवायला तोंड उघडलं तर हसूच आलं, आणि हसता हसता बघितलं तर मिरचीची पानं खाली वाकायला लागली होती. नळी लावून धुतलं सगळं, संध्याकाळी नवरा आला, तोही बूट न काढता धुवायला लागला, एकेक पान हातात घेऊन. गुरुवारी पानं काळी पडली. रविवारी मी सगळी माती पोत्यांत भरली. ती बघा तिकडे कोपऱ्यात, पोती. त्यांच्यावर चादर टाकलीये, तुम्हाला बसायची जागा वाटावी म्हणून.

आणि मी फॉर्म मागे घेते म्हटलं असतं तर संपलं असतं, हो ना? पण थोरलीने वर्गात सांगितलेलं! तिचा चेहरा असा झाला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "काळजी करू नकोस, मी पुन्हा उभं करते सगळं." आठ दिवसांत! कोणी सांगितलं होतं मला? ती धाकटीशी बोलत नाही तेव्हापासून. नऊ वर्षांच्या मुलीचा अबोला म्हणजे साधं काम नव्हे हं. जेवायच्या टेबलावर मध्ये पुस्तकं उभी करते, भिंत. मला सांगते, "तिला सांग, मीठ सरकव." मीठ दोघींच्या मध्ये, मी समोर, तर मी उठून जायचं, मीठ उचलायचं, भिंतीवरून पलीकडे द्यायचं. आणि धाकटी... धाकटी डोक्याला शाम्पू लावू देत नाही. बाथरूमच्या दाराला दोन्ही हातांनी धरते, बोटं सोडवता सोडवता माझा दम जातो. मला वाटलं, हट्ट. काल मग खाली बसून विचारलं, का ग? तर म्हणते, "मी पण वाळेन."

हो. मलाही तसंच झालं, तुम्हाला आत्ता झालं तसंच. मी म्हटलं, नाही ग राणी, माणसं वाळत नाहीत, बघ, मी लावते माझ्या डोक्याला — आणि तिच्यासमोर ओतला शाम्पू, कपड्यांसकट, फेस केला, तिला हसवायला शिंगं काढली केसांची. तर घर डोक्यावर घेतलं तिने. आई वाळणार, आई वाळणार! रात्री जेवताना दोनदा येऊन माझा हात दाबून बघून गेली, अजून मऊ आहे का. म्हणून तिचे केस असे आहेत, चिकट, गुंता झालेले. येताना तुमची नजर गेली होती, मी बघितलं, आणि तुम्ही काही बोलला नाहीत तेही बघितलं.

काय म्हणालात? मी कुठे होते तेव्हा? मी... घरातच. स्वयंपाकघरात. भाजी चिरत — नाही. कपड्यांच्या घड्या — नाही. मॅडम, ते पेन जरा बंद करा ना. मी चहा पीत होते.

बसून. गरम. तुम्हाला वाटेल, त्यात काय! अहो, नऊ वर्षांत मी गरम चहा प्यायलेली नाही. करते मी, रोज करते, कुठेतरी ठेवते, सापडतो तेव्हा गार असतो. एकदा तर कपाटात टॉवेलांच्या घडीवर सापडला, दुसऱ्या दिवशी. त्या मंगळवारी कपातून वाफ येत होती. बाल्कनीतून गाणं येत होतं, समोर टेबलावर कोणी नव्हतं, ऊन बरोबर कपावर आलेलं. मग स्टुलाचा आवाज आला. हेच स्टूल. ह्याचा एक पाय आखूड आहे, ओढलं की नुसतं करकरत नाही, लंगडतं — टक, घर्र, टक — मी झोपेतही ओळखेन. स्टूल ओढलं म्हणजे बाल्कनीतली वरची फळी. वरच्या फळीवर साबण आणि औषधं, ती वर ठेवलीच आहेत हिच्यापासून. हे सगळं मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. आणि मी उठले नाही. म्हटलं, हा घोट झाला की उठते. मग पुढचा. पाणी पडल्याचा आवाज आला, म्हटलं, पाणीच तर आहे. "डोळे मीट" ऐकू आलं, म्हटलं, बाहुलीला न्हाऊ घालतेय. बाहुली माझ्यासमोर टेबलावर पालथी पडली होती, मॅडम! मी तिच्याकडे बघत बघत चहा प्यायले. वीस मिनिटं. पडली असती स्टुलावरून तर? ते औषध तोंडात गेलं असतं तर? काही झालं नाही म्हणून मी तुम्हाला मिरचीची गंमत सांगतेय. आणि आणखी एक सांगू? चहा फार छान झाला होता. हे तर कोणाला सांगायचीही सोय नाही.

नाही, कोणाला नाही सांगितलं. नवरा म्हणाला, "तुझं तरी लक्ष किती ठिकाणी असणार" — मी मान हलवली. थोरली म्हणाली, "हिनेच मारली सगळी झाडं" — मी गप्प. गप्प, मी! तुम्हाला खरं वाटणार नाही. आठ दिवस झाले, त्या साडेतीन वर्षांच्या जिवाच्या डोक्यावर सगळं घालून मी आपली मीठ इकडून तिकडे देतेय, जशी काही मध्यस्थ. आणि थोरलीला ह्या कुंड्यांचंही माहीत नाही. सकाळी ती गेली तेव्हा बाल्कनी उघडीबोडकी होती. आता येऊन बघेल तर भरलेली. काय सांगणार होते? ठरवलंच नव्हतं हो. म्हणजे ठरवलं होतं. म्हणणार होते, बघ, म्हटलं होतं ना, आईने केलं. आणि मग चारला पोस्टमास्तरकाका दारात उभे, कुंड्या न्यायला. एवढं माझ्या लक्षात आलं नाही! प्रुफं तपासायचे मी.

काय? नाही, नीट ऐकू आलं नाही... 'दाराला कुलूप, स्पर्धक घरी नाही'? अशीही चौकट असते होय त्यात? म्हणजे नाव खराब होत नाही आणि पुढच्या वर्षी परत भरता येतं. आणि ती तुम्ही माझ्यासाठी... चांगल्या आहात हो तुम्ही. आणि मी सकाळपासून तुमच्या नावाने बोटं मोडत होते.

पण नको मॅडम. ते नको. अहो, 'घरी नाही' काय! नऊ वर्षं मी घरीच आहे! गॅसवाला येवो, मीटर बघणारा येवो, कोणाचं पार्सल येवो, अख्ख्या इमारतीला माहीत आहे, कोणी दार उघडलं नाही तर हे दार वाजवायचं, इथे माणूस असतंच. वीस मिनिटं काय ती नव्हते, आणि तेव्हाही घरातच होते. काहीही लिहा तुम्ही. बाग नाही लिहा, कुंड्या शेजारच्या लिहा, परीक्षकांना फसवायचा प्रयत्न केला लिहा, मी खाली सही करते, हवं तर शुद्धलेखन तपासून देते. पण घरी नाही असं नका लिहू.

हं, असं. 'बाग नाही.' सुटसुटीत आहे. कुठे करू सही, इथे? अक्षर सुरेख आहे तुमचं. दोनच शब्द, पण एकही चूक नाही.

बस आली वाटतं खाली. हो, तिचीच, दाराचा आवाज कळतो मला. आता जिन्यात दप्तर आपटत येईल, प्रत्येक पायरीला एकदा. तुम्ही निघा आता, मॅडम. रागाने नाही म्हणत. तिला काय सांगायचं ते मला कळलंय, कुंड्यांचं नंतर सांगेन, आधी चहाचं. आधी तिला सांगते, मी ऐकत होते. नाही, थांबू नका, कृपा करा. तुम्ही इथे असलात की मी पुन्हा गंमत करून सांगेन, मला येतं ते, बघितलंत ना आत्ता. या तुम्ही. दार राहू द्या उघडं —

आलीस? ये. बाल्कनी नंतर बघ. आधी इथे माझ्यासमोर बस.